दुपारी दोन ते पाच

प्रिय ताई,

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात टेनिसच्या स्कॉलरशिपवर शिकते. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातली सर्वात वरची पातळी. दुसऱ्या वर्षाची पहिली सेमिस्टर चालू आहे आणि तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरवून नोंदवायचा आहे. इथे आले तेव्हा डोक्यात एकच होतं, फिजिओथेरपी. सोळाव्या वर्षी माझा खांदा दुखावला होता. तेव्हा ज्या बाईंनी मला परत कोर्टवर उभं केलं, त्यांच्यासारखं काम करायचं होतं. पण त्यासाठी लागणाऱ्या केमिस्ट्री, फिजिक्स, अ‍ॅनाटॉमीच्या लॅब मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन ते पाच, आणि आमची प्रॅक्टिस रोज दोन ते पाच. खेळाडूंसाठीच्या अ‍ॅडव्हायझर म्हणतात, स्पोर्ट मॅनेजमेंट घे, संघातल्या आठ जणींपैकी पाच जणी तिथेच आहेत, सगळं आपोआप जुळेल. बाबा म्हणतात, कॉम्प्युटर सायन्सच घे, नाहीतर डिग्री हातात पडली की परतीचं तिकीट. कोडिंगचा एक कोर्स केला, ए मिळाला, पण जीव रमला नाही. कोच एवढंच म्हणतात, ‘प्रॅक्टिस चुकता कामा नये.’ खेळ नसता तर मी इथे आलेच नसते, हे मला कळतं. तरी असं वाटत राहतं की खेळून जे उरेल तेवढंच शिक्षण माझ्या वाट्याला येणार. काय करू?

– बॅकहँडवाली

प्रिय बॅकहँडवाली,

तुला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाहीये. पण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. अ‍ॅडव्हायझरबाईंना काळजी आहे तू खेळायला पात्र राहशील का, याची. बाबांना काळजी आहे डिग्रीनंतर तुला तिथे राहता येईल का, याची. आणि कोचना रोज दोन वाजता कोर्टवर सगळ्या जणी हजर आहेत ना, याची. तू शिकायचं काय, हा प्रश्न कोणाच्याच अखत्यारीत नाही. त्यामुळे त्याचं उत्तर वेळापत्रक देऊन मोकळं होतंय.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाद घालता येईल. तुझ्या विद्यापीठात कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा एक्झरसाइज सायन्स असेल तर तो मेजर घे, फिजिओथेरपीला लागणारे कोर्स त्याच्या आत आणि बाजूला बसव, आणि कोचकडे आठवड्यातली एक दुपार माग. हो, एकच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लॅब मंगळवारी ‘आणि’ गुरुवारी असतात असं तू लिहितेस, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या सायन्स लॅब बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदाच असतात. मंगळवारची आणि गुरुवारची लॅब म्हणजे बहुधा एकाच लॅबचे दोन सेक्शन, म्हणजे दोन तुकड्या. मोठ्या सरकारी विद्यापीठात केमिस्ट्रीच्या लॅबला ढिगानं सेक्शन असतात, त्यात सकाळचे असतात, काही ठिकाणी संध्याकाळचेही. तू दोन दुपारींचं भांडण समजून बसली आहेस. ते आधी तपास.

आता अ‍ॅडव्हायझरबाईंकडे वळू. त्यांना खलनायिका ठरवणं सोपं आहे, पण त्या कोणत्या आकड्यांकडे बघून बोलतात ते तुला माहीत हवं. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, तिचे डिव्हिजन वनचे नियम असे आहेत: दुसरं वर्ष सुरू होण्याआधी 24 क्रेडिट (एक कोर्स साधारण तीन क्रेडिटचा), प्रत्येक सेमिस्टरला किमान 6, शैक्षणिक वर्षात किमान 18. पाचवी सेमिस्टर सुरू होताना मेजर नोंदवलेला हवा आणि त्या डिग्रीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा. पुढच्या वर्षी हाच आकडा 60, त्याच्या पुढच्या वर्षी 80. जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, अटही दरवर्षी थोडी वर सरकते: विद्यापीठाला पदवीसाठी जेवढा लागतो त्याच्या 90 टक्के, मग 95, मग पूर्ण. शिवाय संघाचा म्हणून वेगळा हिशोब आहे, अ‍ॅकॅडमिक प्रोग्रेस रेट. स्कॉलरशिपवरचा प्रत्येक खेळाडू दर सेमिस्टरला पात्र राहिला तर एक गुण, विद्यापीठात टिकला तर एक गुण. त्यावरून हजारपैकी आकडा निघतो आणि तो 930 च्या खाली गेला की संघाला मोठ्या स्पर्धांना मुकावं लागू शकतं. तू केमिस्ट्रीत आपटलीस तर धक्का एकट्या तुला बसत नाही. ज्यांच्या टेबलावर हा आकडा रोज असतो, त्या माणसाकडून ‘जरा अवघड आहे, पण करून बघ’ असं ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस.

40-60-80 हा नियम 2003 च्या सुधारणांमधून आला. हेतू चांगला होता. त्याआधी काही खेळाडू चार वर्षं इकडचे तिकडचे कोर्स गोळा करत पात्र राहायचे आणि शेवटी हातात डिग्री नसायची. पण या नियमाचा एक उलटा परिणाम होतो: उशिरा मेजर बदलणं महाग पडतं. टक्केवारी नव्या मेजरच्या मोजमापानं काढली जाते, आणि जुन्या मेजरचे जे कोर्स नव्यात बसत नाहीत ते कुठेच धरले जात नाहीत. तुझ्याबरोबरची, न खेळणारी मुलगी तिसऱ्या वर्षी मन बदलते, एक सेमिस्टर जास्त काढते आणि विषय संपतो. तू तेच केलंस तर एक हंगाम बाहेर बसावं लागू शकतं. म्हणून बरेच खेळाडू पहिल्या निवडीतच असा विषय घेतात जिथे काही बिघडणार नाही. याला आळस म्हणता येत नाही, नियम वाचून केलेला व्यवहार आहे तो.

तुझ्यापुरतं गणित मांडून बघू. डिग्री 120 क्रेडिटची धरली तर 40 टक्के म्हणजे 48. दर सेमिस्टरला 15 घेत असशील तर चौथी संपताना 60 होतील. म्हणजे 12 क्रेडिट, साधारण चार कोर्स, ‘वाया’ गेले तरी तू पात्र राहतेस. यात तुझा कोडिंगचा कोर्स धर, आणखी एखादा भलताच घेतलेला असेल तो धर, तरी जागा उरते. आणि इंग्रजी, गणित, इतिहास असे सगळ्यांना घ्यावे लागणारे कोर्स बहुतेक कुठल्याही मेजरमध्ये चालतात. आज रात्री ट्रान्सक्रिप्ट (केलेल्या कोर्सची गुणपत्रिका) काढ, शेजारी कायनेसिऑलॉजीच्या डिग्रीची यादी ठेव आणि एकेका कोर्सवर खूण कर. हे काम अ‍ॅडव्हायझरवर सोडू नकोस. त्या शंभर जणांचं बघतात.

संघातल्या पाच जणी एकाच मेजरमध्ये आहेत, हे तू ओघात लिहून गेलीस. अमेरिकेत यावर बरंच संशोधन झालं आहे. 1987 मध्ये अभ्यासकांनी एक मापच ठरवलं: एखाद्या संघातले 25 टक्के किंवा त्याहून जास्त खेळाडू एकाच मेजरमध्ये असतील तर त्याला घोळका म्हणायचं. तुमचा आकडा साठच्या वर आहे. घोळका असणं म्हणजे लबाडी असणं नव्हे. आयुष्य कोर्टवर गेलेल्या मुलींना खेळाच्या धंद्यात रस असणार, यात नवल ते काय? एकीनं घेतला, तिच्या नोट्स मिळाल्या, प्राध्यापकांना प्रवासाची सवय आहे हे कळलं, दुसरीनंही घेतला. तू विचारायचं ते एवढंच, की त्या पाच जणींपैकी किती जणींनी तो खेळत नसत्या तरी घेतला असता. प्रॅक्टिसनंतर विचारून बघ. प्रामाणिक उत्तरं मिळतील असं वाटतं, पराभवानंतरच्या बसमध्ये तर नक्कीच.

आणि स्पोर्ट मॅनेजमेंटला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. करार, जाहिरात, कायदा, स्टेडियम चालवणं, हा खराखुरा व्यवसाय आहे आणि त्यात माणसं चांगली पोटं भरतात. पण तो विषय इंटर्नशिपवर उभा आहे. उन्हाळ्यात कुठल्या तरी क्लबात, लीगच्या कार्यालयात काम केलं नाही तर वर्गात शिकलेलं फारसं कामी येत नाही, आणि तुझे उन्हाळे स्पर्धांमध्ये जातात. त्यातून विद्यार्थी व्हिसावर इंटर्नशिप करायची तर आधी परवानगी, आणि कामाचा मेजरशी थेट संबंध लागतो. त्या पाच जणींपैकी अमेरिकन मुलींना ही अडचण नाही, तुला आहे. तिथल्या विभागात जाऊन विचार, गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या परदेशी मुलांना काय कामं मिळाली. संघातल्या मैत्रिणींना विचारू नकोस, विभागाला विचार.

वेळापत्रकामुळे विषय सुटण्याची गोष्ट तू पहिल्यांदा जगत नाहीयेस. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर यानं 2014 मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळापुढे साक्ष दिली होती. खेळाडूंना संघटना बांधता यावी यासाठीचं ते प्रकरण. तो ऑर्थोपेडिक सर्जन व्हायचं म्हणून आला होता. त्याला लागणारा केमिस्ट्रीचा वर्ग फुटबॉलच्या वेळेत आला, कोर्स उन्हाळ्यावर ढकलला गेला, बाकीचे मेडिकलला जाणारे पुढे निघून गेले आणि तो मानसशास्त्राकडे वळला. नॉर्थवेस्टर्न म्हणजे काही अभ्यासात ढिलं विद्यापीठ नाही, आणि मानसशास्त्र म्हणजे काही दुय्यम विषय नाही. कोणी त्याला ‘डॉक्टर होऊ नकोस’ असं सांगितलं असेल असंही नाही. एक वर्ग एका सत्रात जमला नाही, एवढंच झालं. तुझ्या पत्रातली ‘दोन ते पाच’ वाचताना मला तोच आठवला.

दुसरं टोकही बघून घे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं एका विभागात कागदोपत्री वर्ग चालले. वर्ग भरायचाच नाही, शेवटी एक निबंध द्यायचा, तो प्राध्यापकाऐवजी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यानं बघायचा आणि भरघोस ग्रेड द्यायची. 2014 च्या चौकशी अहवालात 3,100 हून जास्त विद्यार्थ्यांची नोंद निघाली, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. पुढे एनसीएएनं 2017 मध्ये त्या वर्गांसाठी विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते. पण दरम्यान दोन माजी खेळाडूंनी दावा लावला होता, आम्हाला शिक्षण देतो म्हणालात आणि दिलं नाहीत, असा. तुमच्याकडे असं काही चाललं आहे असं मी सुचवत नाही. पण ‘पात्र राहणं’ आणि ‘शिकणं’ यांत केवढी दरी पडू शकते, हे दाखवायला यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

पीटर आणि पॅट्रिशिया अ‍ॅडलर या समाजशास्त्रज्ञ जोडप्यानं 1980 च्या दशकात एका कॉलेज बास्केटबॉल संघाबरोबर काही वर्षं काढली. त्यांना दिसलं की मुलं आली तेव्हा अभ्यासाबद्दल उत्साही होती. डिग्री घ्यायची, काहीतरी व्हायचं. मग दमणूक, वर्गातले कडू अनुभव, संघातल्या मोठ्या मुलांची वृत्ती, आणि आपले कोर्स दुसरंच कोणीतरी निवडतंय ही जाणीव, यामुळे ती हळूहळू अभ्यासातून मन काढून घेत गेली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं. ज्या गोष्टीत आपला हात नाही तिच्यात माणूस जीव ओतत नाही. खेळून उरेल तेवढंच शिक्षण वाट्याला येणार, असं तू लिहितेस. त्यातलं तुझ्या हातचं काय आहे तेच आपण शोधतोय.

फिजिओथेरपीबद्दल एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. अमेरिकेत ते पदवीनंतरचं शिक्षण आहे, साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट. प्रवेशासाठी कुठलाही मेजर चालतो. ते बघतात ठरावीक कोर्स: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र. वर चांगला जीपीए, आणि पुष्कळ ठिकाणी फिजिओथेरपिस्टबरोबर निरीक्षण केल्याचे तास. म्हणजे ‘फिजिओथेरपी की स्पोर्ट मॅनेजमेंट’ अशी निवड तुझ्यासमोर नाहीच. मेजर एक गोष्ट, हे सात-आठ कोर्स दुसरी. कायनेसिऑलॉजी मी एवढ्यासाठी सुचवते की यातले बरेच कोर्स तिथे आपोआप डिग्रीत मोजले जातात, त्यामुळे 40-60-80 च्या गणितात तुझा फायदा होतो. निरीक्षणाचे तास तर तुझ्या संघाच्या ट्रेनिंग रूमपासून दहा पावलांवर मिळू शकतात. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये विचार.

एक्झरसाइज सायन्स म्हणजे खेळाडूंसाठीची पळवाट, असं कोणी म्हणालं तर मायरन रोलचं नाव सांग. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉलपटू, मेजर एक्झरसाइज सायन्स, अडीच वर्षांत डिग्री, 2008 मध्ये ऑक्सफर्डच्या मानाच्या ऱ्होड्स स्कॉलरशिपसाठी निवड, काही काळ एनएफएल (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीग), मग मेडिकल आणि न्यूरोसर्जन. हा अपवाद आहे, मान्य. अडीच वर्षांत डिग्री तू करू नकोस. पण मेजरच्या नावानं त्याचं पुढचं दार बंद झालं नाही, एवढं तर दिसतं. धावपटू गॅबी थॉमसनं हार्वर्डला न्यूरोबायॉलॉजी केलं, पुढे धावत असतानाच सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स केलं, आणि 2024 ला पॅरिसमध्ये 200 मीटरचं सुवर्ण घेतलं. इथे एक गोष्ट लपवायला नको: हार्वर्ड आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातलं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. उद्या तिनं धावणं सोडलं असतं तरी तिचा फीचा हिशोब बदलला नसता. तुझा बदलू शकतो. म्हणून तुझा स्कॉलरशिपचा करार वर्षाचा आहे की चार वर्षांचा, दुखापत झाली किंवा संघच बंद झाला तर काय, हे एकदा नीट वाच. गेल्या काही वर्षांत बऱ्याच विद्यापीठांनी टेनिसचे संघ बंद केले आहेत. विद्यापीठ बदलायची वेळ आली तर विशिष्ट मेजरचे कोर्स नव्या ठिकाणी चालतीलच असं नसतं. केमिस्ट्री, फिजिक्स, संख्याशास्त्र मात्र बहुधा सगळीकडे चालतात. तुझ्या फिजिओथेरपीच्या यादीचा हा एक आडून मिळणारा फायदा.

आता बाबा. त्यांचा मुद्दा भावनेचा नाही, कायद्याचा आहे, आणि तो तू गंभीरपणे घ्यायला हवास. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या काम-परवानगीवर 12 महिने काम करता येतं. मेजर स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी 24 महिने. एक वर्ष आणि तीन वर्षं यांत फरक आहेच. पण ही यादी विषयाच्या नावावर चालत नाही, तर विद्यापीठानं त्या अभ्यासक्रमाला दिलेल्या सहा आकडी कोडवर चालते. साधं अर्थशास्त्र यादीत नाही, पण तोच विभाग ‘इकॉनोमेट्रिक्स’च्या कोडखाली पदवी देत असेल तर ती आहे. बऱ्याच विद्यापीठांनी या कारणासाठी आपले कोड बदलून घेतले. तुझ्या विषयाचंही तसंच: अभ्यासक्रम जीवशास्त्राच्या गटात नोंदवला असेल तर तो स्टेम, फिटनेस आणि क्रीडा यांच्या गटात असेल तर वेगळी गोष्ट. तुमच्याकडे काय आहे ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात पाच मिनिटांत कळेल, मेजर नोंदवल्यावर तोच कोड तुझ्या आय-20 वर, म्हणजे विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर, छापून येतो. कोड सोयीचा नसेल तर तिथेच विचार, अ‍ॅप्लाइड फिजिऑलॉजी किंवा बायॉलॉजीचा एखादा ट्रॅक स्टेममध्ये बसतो का.

बाबांना हेही सांग की वरच्या पातळीची डिग्री घेतली की ओपीटी पुन्हा मिळते. आणि ओपीटीवरचं काम मेजरशी संबंधित असावं लागतं, त्यामुळे न आवडणाऱ्या विषयाची तीन वर्षं म्हणजे न आवडणाऱ्या कामाची तीन वर्षं. पण त्यांच्याशी बोलताना खर्च लपवू नकोस. फिजिओथेरपीची तीन वर्षं महाग आहेत, तिथे टेनिस फी भरणार नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या बाजूनं मला पटणारा एकच मुद्दा आहे तो हा. त्यावर तुझं उत्तर तयार असायला हवं. दोन वर्षं काम करून पैसे साठवणं हे एक उत्तर आहे. डेटा किंवा संख्याशास्त्राचा मायनर, म्हणजे जोडविषय, हे दुसरं, त्यात तुला ए मिळालेला कोर्सही कदाचित मोजला जाईल. आणि एका प्रास्ताविक कोर्सवरून ‘जीव रमत नाही’ हा निकाल थोडा घाईचा आहे. पण ज्या विषयात तू रमतेस तो समोर असताना, ज्यात रमत नाहीस त्याची आणखी परीक्षा कशाला घ्यायची?

राहता राहिले कोच. ‘प्रॅक्टिस चुकता कामा नये’ हे वाक्य तू नकार म्हणून ऐकलंस. तू त्यांना नेमकं काही विचारलं होतंस का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. एनसीएएच्या नियमानं हंगामात खेळाशी संबंधित सक्तीचे तास आठवड्याला जास्तीत जास्त 20, दिवसाला 4, आणि एक दिवस सुट्टी. हंगामाबाहेर आठवड्याला 8. प्रवास आणि फिजिओकडचे उपचार यात धरत नाहीत, म्हणून एनसीएएच्याच पाहण्यांमध्ये डिव्हिजन वनचे खेळाडू प्रत्यक्षात तीसहून जास्त तास जात असल्याचं सांगतात. हा नियम कोचच्या तोंडावर फेकू नकोस, पण त्यातून एक गोष्ट लक्षात घे: कोचकडे तास मोजके आहेत, ते कधी घ्यायचे हे मात्र त्यांच्या हातात आहे. मंगळवारच्या तीन तासांऐवजी सकाळी सहाला एकटीचं सेशन देणारे कोच असतात.

त्यांना तोंडी गाठू नकोस, ईमेल कर. छोटी. ‘पुढच्या फॉलमध्ये मला अ‍ॅनाटॉमीची लॅब घ्यायची आहे. सकाळचा सेक्शन मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तर आठवड्यात एक दुपार लागेल, त्याबदल्यात मी त्या दिवशी सकाळी कोर्टवर येईन. चालेल का?’ यात तक्रार नाही, पर्याय आहे, आणि हो-नाही असं उत्तर द्यावं लागतं. फॉल, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरची सेमिस्टर, मुद्दाम म्हटलं. तुमच्या खेळात संघांच्या लढती जानेवारी ते मे, फॉलमध्ये वैयक्तिक स्पर्धा. कोणाकडूनही सवलत मागायची ती फॉलची माग. स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीपासूनच्या सेमिस्टरमध्ये, शुक्रवारची लॅब चुकूनही घेऊ नकोस, तू बसमध्ये असशील.

दोन अ‍ॅडव्हायझर आहेत हे विसरू नकोस. एक खेळाडूंच्या, एक विभागाच्या. त्यांची एकत्र भेट माग, अर्धा तास पुरे. तुझं खूण केलेलं ट्रान्सक्रिप्ट आणि सेमिस्टरवार यादी घेऊन जा. ‘मी काय घेऊ?’ असं विचारलंस तर स्पोर्ट मॅनेजमेंटच मिळेल. ‘ही योजना कुठे मोडते?’ असं विचार. फिजिक्सच्या दोन सेमिस्टर उन्हाळ्यात करता येतील का आणि स्कॉलरशिपमधून उन्हाळ्याची फी निघेल का, हेही त्याच भेटीत. दुसऱ्या कॉलेजात उन्हाळी कोर्स करायचा असेल तर आधी दोघांकडून लेखी होकार घे.

आणि कोच नाहीच म्हणाले तर? तरीही कायनेसिऑलॉजी घे. लॅबचे जे दोन-तीन कोर्स राहतील ते उन्हाळ्यात, किंवा खेळायची वर्षं संपल्यावर एका जास्तीच्या सेमिस्टरमध्ये. तेव्हा स्कॉलरशिप असेल की नाही हे आत्ताच विचारून ठेव. डिग्री पूर्ण करायला किती मदत मिळते, ते स्कॉलरशिपवर आणि विद्यापीठावर अवलंबून असतं. एक सेमिस्टर उशीर झाला तर काही बिघडत नाही.

स्प्रिंगची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या आसपास उघडते. बऱ्याच विद्यापीठांत खेळाडूंना इतरांच्या आधी नोंदणी करू देतात, तुम्हालाही असेल. येत्या स्प्रिंगला प्रवास जास्त, म्हणून संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र टाक, आणि केमिस्ट्रीची पहिली लॅब घेणारच असशील तर सोमवार किंवा मंगळवार, सकाळचा सेक्शन. ज्या दिवशी तुझी नोंदणी उघडेल त्याच दिवशी तो पकड, सकाळचे सेक्शन लवकर भरतात.

– ताई